नानांचे चरित्र की प्रशस्ती?

नाना शंकरशेट (१८०३–१८६५) यांचे चरित्र लिहू जाणारास देणग्यांची यादी करण्याचा मोह होतो. मुलींच्या शाळेस त्यांनी वाड्यात जागा दिली, हे खरेच. पण चरित्र म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे. ज्यांच्या कारभाराविरुद्ध बॉम्बे असोसिएशनने १८५२ साली पार्लमेंटकडे अर्ज धाडला, त्याच राज्यकर्त्यांनी असोसिएशनच्या या धुरीणास १८६२ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात नेमले. ती जागा लोकांनी निवडून दिलेली नव्हती. मग हा व्यापारी तेथे बोलला तो कोणाच्या वतीने? चरित्रकाराची कसोटी येथेच लागते. हसनाबाद त्या काळी निजामाच्या राज्यात होते; तेथील वाचकास मुंबईची ही पूर्वपीठिका वारशाने लाभलेली नाही. त्यास हा पेच उलगडून दाखविला, तरच नाना पुतळ्यावरून उतरून माणूस म्हणून भेटतील.