कृष्णधवल छायाचित्रातील डार्करूम प्रत व इंकजेट प्रत : एक तौलनिक विचार

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये छायाचित्रण सोडले, तेव्हा कृष्णधवल प्रत डार्करूममध्येच घडत असे. एनलार्जरखाली हाताने प्रकाश अडवून वा वाढवून छटा साधली जाई. म्हणून दोन प्रती तंतोतंत सारख्या नसत. इंकजेटमध्ये हे निर्णय संगणकावर एकदाच होतात. चांदीच्या कणांऐवजी शाई प्रतिमा घडविते. उत्तम कागदावर तिचा काळा रंगही गडद उमटतो. त्यामुळे केवळ छटांवरून श्रेष्ठत्व ठरविता येत नाही. मात्र जुन्या निगेटिव्हची नवी इंकजेट प्रत मूळ प्रतीच्या जागी मांडल्यास छायाचित्रकाराचा छटांविषयीचा निर्णय लोपतो व दुसऱ्याचा निर्णय त्याच्या नावावर जमा होतो. म्हणून प्रतीखाली मुद्रणपद्धती व मुद्रणवर्ष नोंदविणे अगत्याचे ठरते; त्याशिवाय समीक्षा कोणाच्या कृतीची, हेच अनिश्चित राहते.