मोडी लिपीचा लोप : ‘सदोष लिपी’ या उपपत्तीची तौलनिक समीक्षा

प्रास्ताविक

पिंपरी-चिंचवड व चाकण हा परिसर आज कारखान्यांमुळे ओळखला जातो. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून आणि १९६२ सालच्या औद्योगिक विकास महामंडळापासून या परिसराची नवी ओळख घडत गेली. तत्पूर्वी येथील गावांची इनामे, वतने व खरेदीखते मोडी लिपीत लिहिली जात. चिंचवडच्या देव घराण्याचा राज्यसत्तेशी असलेला संबंध लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ च्या ग्रंथात उलगडला. अशा इतिहासाची वाट मोडी दप्तरांतूनच जाते. ही लिपी वापरातून का गेली, या प्रश्नाला सामान्यतः एकच उत्तर दिले जाते : ती सदोष व संदिग्ध होती. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा चिनी लिपीच्या इतिहासाच्या आधारे केली आहे.

उत्पत्तीची मीमांसा

मोडीचे जनकत्व परंपरेने यादवांचा करणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याकडे दिले आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मोडी’ या नावाचा संबंध फारसी ‘शिकस्ता’शी जोडला, तर चांदोरकरांनी मौर्यकालीन लिपीशी. चीनमध्येही पीतसम्राटाचा इतिहासलेखक त्सांग चिये याने चिन्हे निर्माण केली, अशी आख्यायिका आहे. पुढे ‘लीशू’ म्हणजे कारकुनी लिपीचे श्रेय छेंग म्याव या एका व्यक्तीस देण्यात आले. परंतु १९७५ साली शुईहूदी येथे सापडलेल्या छिनकालीन बांबूपट्ट्यांवरून हे वळण दैनंदिन दप्तरी लेखनातून हळूहळू घडल्याचे दिसते. मोडीचेही बहुधा असेच झाले असावे. आधी शिरोरेषा ओढून घ्यायची व बोरू शक्य तितका कमी उचलून अक्षरे तिला जोडत जायची, ही रीत एखाद्या प्रधानाच्या कल्पनेपेक्षा लेखनिकाच्या निकडीतून आलेली वाटते. यादवकालीन, बहमनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन असे तिचे टप्पे मानले जातात. चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी ही वळणांची नावेही लिहिणाऱ्या हातांचीच साक्ष देतात.

‘सदोष लिपी’ या मताची चिकित्सा

मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुधा पाळला जात नसे, संक्षेपही पुष्कळ असत. हे दोष खरे आहेत. तथापि त्यांनी लोपाचे कारण सिद्ध होत नाही. चीनची ‘त्साओशू’ ही धावती लिपी वाचावयास मोडीहून सोपी म्हणता येणार नाही. तरीही तिची रूपे टिकली, कारण सुबक ‘काईशू’ आणि धावती त्साओशू ही एकाच चिन्हसंचाची दोन वळणे मानली गेली. इसवी सन १०० मध्ये पूर्ण झालेल्या शू शेन यांच्या कोशाने ९,३५३ चिन्हे ५४० वर्गांत मांडून या संचाला शास्त्राचा आधार दिला होता. १९५६ साली चीन सरकारने सुलभीकरण जाहीर केले, तेव्हा ‘पुस्तक’, ‘वाहन’, ‘पूर्व’ या अर्थांच्या चिन्हांना धावत्या लिपीतील रूपेच छापील रूप म्हणून मिळाली. ‘पुस्तका’चे चिन्ह दहा रेघांवरून चार रेघांवर आले.

महाराष्ट्रात याच्या उलट घडले. पोथी बालबोधीत व दप्तर मोडीत, अशी कामाची वाटणी रूढ होती. मोडी छापता येत नव्हती, हेही म्हणता येत नाही. सेरामपूर येथे विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० साली मोडी टाइपात छापला गेला. मात्र मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश बालबोधीत निघाला आणि पुढील ग्रंथव्यवहार त्याच मार्गाने गेला. छापखाना, पाठ्यपुस्तक व शासन या तिघांनी पोथीची लिपी स्वीकारल्यावर मोडी केवळ हस्तलेखनापुरती उरली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळेतूनही ती गेल्यावर तिला कोणताच आधार राहिला नाही. म्हणजे लोपाचे मूळ अक्षराच्या आकृतीत कमी आणि संस्थांच्या निवडीत अधिक शोधावे लागते.

ही तुलना एका मर्यादेपर्यंतच ताणता येते. चिनी चिन्ह प्राधान्याने शब्दांशाचे, तर मोडीचे अक्षर ध्वनीचे आहे. शिवाय सुलभीकरणाने चीनमध्येही जुन्या छापील ग्रंथांपासून काही अंतर निर्माण केलेच. तैवान व हाँगकाँग येथे जुनी रूपे चालू राहिली.

समारोप

हा प्रश्न केवळ लिपिशास्त्राचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला कुणबी नोंदींच्या शोधात मोडी कागदांकडे वळावे लागले. ज्यांच्या जमिनींवर कारखाने उभे राहिले, त्यांच्या वारसांना आजोबा-पणजोबांचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो आणि वाचणारा सांगेल तेच प्रमाण मानावे लागते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे ४५ निवडक खंड बालबोधीत आणले. परंतु निवड ही संपादकाची असते. गावकऱ्याचे खरेदीखत तीत येत नाही. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्यामुळे अक्षर संगणकावर आले, पण हस्तलिखितातील वळणे वाचण्याचे कौशल्य त्याने आपोआप येत नाही. लिपी ‘सदोष’ ठरविली की ती न शिकविण्याचा दोष कोणाकडेच राहत नाही. म्हणूनच या उपपत्तीचा फेरविचार करणे आणि इतिहास व मराठी विभागांनी कालखंडनिहाय वळणांसह मोडीचे अध्यापन हाती घेणे, या दोन्ही गोष्टी एकत्रच व्हावयास हव्यात.