खजूर रोडवरील सात गाणी

बालकवींची कविता हाती घेणाऱ्या वाचकाच्या डोळ्यांसमोर भादली स्थानकाजवळचे रेल्वेचे रूळ उभे राहिल्यावाचून राहत नाहीत. 'औदुंबर' लिहिणाऱ्या कवीला १९१८ सालच्या मे महिन्यातील त्या अपघाताची कल्पना असणे शक्यच नव्हते, हे पक्के ठाऊक असूनही आपण त्या चिमुकल्या कवितेत मृत्यूची चाहूल शोधीत बसतो. आणि ती सापडली की रसग्रहण पुरे झाले असे समजतो. कवीच्या मरणाने कवितेला एक आयता अर्थ चिकटतो आणि मग तिचा स्वतःचा अर्थ विचारण्याचे श्रम कोणी घेत नाही. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या रॉक वाद्यवृंदाच्या '१६/३३० खजूर रोड' या गीतसंचाच्या वाट्याला नेमके हेच आले आहे. २०१० साली तो प्रकट झाला तेव्हा श्रोत्यांनी तो ऐकला नाही. त्यापुढे दोन मिनिटे उभे राहून ते निघून गेले. आता, इतक्या वर्षांनंतर, काही जुने चाहते त्याकडे पुन्हा वळले आहेत आणि 'आपण हे नीट ऐकलेच नव्हते' असे बोलू लागले आहेत. त्यांचे म्हणणे आम्हांस यथार्थ वाटते, आणि ते तसे का वाटते याची कारणे येथे मांडण्याचा विचार आहे.

ज्या वाचकांचा या मंडळींशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडी हकिगत. १९९० साली सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी दिल्लीत हा वृंद उभा केला. पुढे राहुल राम आले; ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर, आणि काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेले. अमित किलम हे चौथे. १९९३ साली पहिला गीतसंच निघाला. 'डेझर्ट रेन' हा दुसरा १९९७चा. सफदर हाशमी यांच्या स्मृत्यर्थ 'सहमत'ने दिल्लीत भरविलेल्या मैफलीचे ते मुद्रण. २००० सालच्या 'कंदिसा'ने नाव सर्वतोमुखी केले. केरळातील सुरियानी ख्रिस्ती परंपरेतील एक स्तोत्र, आणि त्याच संचात राहुल राम यांनी नर्मदेच्या खोऱ्यातून आणलेले 'मा रेवा'. ज्या नदीचा एक काठ आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांना लागलेला आहे, तिचे गीत दिल्लीतील तरुण विजेच्या गिटारीवर गाऊ लागले. मग २००३ साली कबीराच्या पदावरचे 'झीनी', आणि मुंबईच्या बॉम्बस्फोटांवरील 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटाचे संगीत. चित्रपट न्यायालयात अडकून २००७ साली पडद्यावर आला, पण 'बंदे' हे गीत त्याआधीच घरोघर पोचले होते. कीर्तीचा हा आलेख चढता होता. २००९ सालच्या २५ डिसेंबरला असीम चक्रवर्ती हृदयविकाराने गेले.

नव्या संचातील सातही गाणी त्यापूर्वी मुद्रित झालेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी, कारण पुढचा सारा गैरसमज ती विसरल्यामुळे झाला. उरलेल्या तिघांनी ती गाणी बाजारात विकली नाहीत. २५ जुलै २०१० पासून दरमहा एक गीत त्यांनी आपल्या संकेतस्थळावर ठेविले. ज्याला हवे त्याने ते विनामूल्य उतरवून घ्यावे. इंग्लंडच्या 'रेडिओहेड'ने २००७ साली 'इन रेनबोज' हा संच श्रोत्याने स्वेच्छेने द्याल त्या मोलाला दिला, त्याची जगभर वाहवा झाली होती. परंतु आपल्याकडे फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत फुकटच ठरते. ज्याने 'कंदिसा'ची कॅसेट खिशातील पैसे मोजून घेतली, त्याने ती घासून निघेपर्यंत ऐकली. हे सातवे-आठवे गीत संगणकाच्या एका कोपऱ्यात उतरवून ठेविले आणि 'सवडीने ऐकू' म्हणून तेथेच राहू दिले.

हप्त्याहप्त्याने देण्याच्या पद्धतीनेही हानीच केली. हरिभाऊंच्या 'करमणूक'वर पोसलेल्या मराठी वाचकाला हप्त्यांची सवय आहे असे कोणी म्हणेल. पण 'पण लक्षात कोण घेतो'चे प्रकरण संपते ते पुढच्या अंकाची ओढ लावून. गाणे संपते ते संपतेच. महिन्याभराने दुसरे आले तर त्याचा पहिल्याशी असलेला सांधा कानाला लागत नाही. सात गाण्यांचा एक प्रवास आहे हे कळावयास ती सलग ऐकावी लागतात, आणि तशी ती त्या काळी फारच थोड्यांनी ऐकली असावीत.

पण खरा अडथळा शोकाचा होता. गाण्यांची नावे पाहा: 'शून्य', 'बंध', 'बुला रहा', 'जोगिया'. मृत्यूनंतरच्या सात महिन्यांनी ही नावे समोर येऊ लागली, तेव्हा त्यांत शकुन-अपशकुन शोधण्याचा मोह कोणास होणार नाही? कोण बोलावतो आहे, शून्य ते कोणते, हे प्रश्न श्रोत्यांनी गाण्याला विचारलेच नाहीत. त्यांची उत्तरे वर्तमानपत्रातील निधनवार्तेतून आधीच मिळाली होती. जयदीप वर्मा यांचा या वृंदावरील 'लीव्हिंग होम' हा दीर्घ माहितीपटही त्याच २०१० साली आला. त्यात असीमदा हसताबोलताना दिसतात, आणि पाहणाऱ्याचा कंठ दाटून येतो. अशा मनःस्थितीत नवे संगीत ऐकणे म्हणजे तेराव्याच्या पंगतीत पाकक्रियेची परीक्षा करण्यासारखे आहे.

बीटल्सच्या 'लेट इट बी'ची कथा या संदर्भात आठवते. त्यातील बहुतेक काम जानेवारी १९६९ मधले. प्रसिद्धी मात्र मे १९७० मधली, म्हणजे चौघे विभक्त झाल्याची बातमी फुटल्यानंतरची. परिणामी दोन पिढ्यांनी तो संच भांडणाचा दस्तऐवज म्हणून ऐकला. पीटर जॅक्सन यांनी २०२१ साली त्याच दिवसांची जुनी चित्रफीत विस्ताराने लोकांपुढे ठेविली, तेव्हा त्या खोलीत भांडणाबरोबर थट्टा, चहा आणि कामाचा आनंदही होता हे दिसले. आणि गाणीही निराळी ऐकू येऊ लागली. गाणी बदलली नव्हती. आमच्या मंडळींच्या बाबतीत तर भांडणही नव्हते. तेथे चार माणसे नेहमीसारखी कामाला आली होती, एवढेच.

तसे समजून हा संच ऐकला म्हणजे काय हाती लागते? प्रथम असीम चक्रवर्तींचे स्थान. हा माणूस जमिनीवर मांडी घालून बसे, पुढ्यात तबला आणि भोवती तालवाद्ये, आणि वाजविता वाजविता गाई. ताल आणि स्वर एकाच देहातून निघाल्यामुळे त्यांच्या गाण्यात एक गोष्ट घडते जी गायक आणि तबलजी निराळे असता घडत नाही: शब्द ठेक्यावर बसत नाहीत, ठेकाच शब्दांतून उगवतो. कीर्तनकार स्वतःच्याच चिपळीवर पाऊल टाकतो तेव्हा असेच होते. या संचात तो आवाज निरोपाचा मुळीच नाही. त्यात वयाची परिपक्वता आहे, थोडी बेफिकिरी आहे, आणि घाई अजिबात नाही. 'चाँद' ऐकताना तर ज्याला शोकच करावयाचा असेल त्याची मोठी पंचाईत व्हावी.

सुस्मित सेन यांची गिटार पाश्चात्त्य रॉकच्या रिवाजाप्रमाणे स्वरसमूहांचा मारा करीत नाही. ती सतारीच्या वळणाने एकेक स्वर फिरवीत जाते. राहुल राम यांचा खर्ज खाली जमीन धरून असतो. आणि अमित किलम ढोलताशाच्या जोडीला कधी गबगुबी हाती घेतात. हे बंगालच्या बाउलांचे वाद्य म्हणजे आपल्या यल्लमाच्या भक्तांच्या हातातील चौंडक्याचे सख्खे भावंड. तीच एक तार, तोच ताण सैल करून काढलेला रडवा-हसरा बोल. दिल्लीच्या एखाद्या मैफलीत तो नाद अवचित कानी पडला की सौंदत्तीची यात्रा पाहिलेल्या माणसाने दचकावे अशी गंमत आहे.

सातांमध्ये 'डरते हो'चा विचार आम्ही मुद्दाम वेगळा करतो. त्याचे मूळ नून मीम राशिद यांच्या उर्दू कवितेत आहे, आणि त्याच वर्षी 'पीपली लाइव्ह' या चित्रपटातही वृंदाने ती गाइली. चित्रपट शेतकऱ्याच्या आत्महत्येवरचा. तेव्हा विदर्भाची आठवण असलेल्या मराठी श्रोत्याला त्या गीताचा संदर्भ समजावून सांगावा लागला नाही. राशिद १९१० साली पंजाबात जन्मले आणि फाळणीपूर्वी नभोवाणीच्या नोकरीत दिल्लीस होते. आपले मर्ढेकर त्यांच्याहून अवघ्या काही महिन्यांनी वडील; तेही नभोवाणीचेच नोकर, गावोगाव बदल्या झालेले, आणि १९५६ साली याच दिल्लीत निवर्तलेले. दोन भाषांतील नवकवितेचे दोन अग्रदूत एकाच खात्याच्या हजेरीपटावर असावेत हा योगायोग आम्हां चाकरमान्यांना सुखावणारा आहे. फरक इतकाच की राशिदांनी नव्या जाणिवेसाठी वृत्ताचे बंधन झुगारले, आणि मर्ढेकरांनी ती जाणीव ओवी-अभंगाच्या जुन्या भांड्यात ओतली. मुक्तछंद गाणे कठीण. ओळी असमान, यमकाचा आधार नाही. वृंदाने त्यावर उपाय काढला तो पुनरावृत्तीचा: ज्या प्रश्नाने कवी माणसाच्या जगण्याच्या भीतीला हात घालतो, तो प्रश्न पुन्हापुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी तो विचारणाऱ्याचा आग्रह वाढलेला असतो. शोकमग्न श्रोत्याने त्यात मृत्यूचे सांत्वन ऐकले. वास्तविक ती कविता जिवंत माणसाच्या अंगावर चालून जाणारी आहे. सांत्वनाशी तिचा काही संबंध नाही.

संचाच्या नावाविषयी दोन शब्द. १६/३३०, खजूर रोड हा करोल बागेतील एका जुन्या बंगल्याचा पत्ता. १९९७ पासून वर्षानुवर्षे या मंडळींची तालीम तेथे चाले. करोल बाग म्हणजे सोन्याची दुकाने, लग्नाची खरेदी आणि चालण्यास जागा नसलेले रस्ते एवढेच आपल्याला माहीत असते. त्या गजबजाटात चार माणसे रोज एका खोलीत बसून एकच चाल दहादा वाजवीत होती. सरकारी वसाहतीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना घराच्या आकड्याची महती सांगावयास नको. क्वार्टर सुटते, आकडा पाठ राहतो. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर तो असतो, जुन्या पाकिटांवर असतो. या मंडळींनी आपल्या कृतीला दिवंगत मित्राचे नाव दिले नाही, कामाच्या जागेचे दिले. ही निवड बोलकी आहे. आपणच तिकडे दुर्लक्ष केले.

हा संच निर्दोष आहे असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. 'कंदिसा'त जशी एका ऐकण्यात मनात रुतणारी चाल सापडते तशी येथे क्वचितच. काही ठिकाणी वाद्यांचा संवाद मैफलीत शोभेल इतका लांबतो. समोर प्रेक्षक नसता तो घरात थोडा रेंगाळल्यासारखा वाटतो. 'सोने की नगरी'च्या बाबतीत आमचे मन अद्याप पुरते अनुकूल झालेले नाही. तथापि हे सर्व आक्षेप एका चालत्या, प्रयोग करणाऱ्या वृंदावरचे आहेत, आणि हेच तर आम्हांस हवे होते. श्रद्धांजलीवर आक्षेप घेता येत नाहीत.

पुढे हिमांशु जोशी आणि तुहीन चक्रवर्ती आले. २०१३ साली सुस्मित सेन बाहेर पडले आणि त्यांच्या जागी निखिल राव आले. २०१४ साली 'तंदानु' निघाला, २०२३ साली 'तू है'. नव्या संचामुळे जे तरुण श्रोते या वृंदाकडे आले त्यांतील अनेकांना २००९ची हकिगत ठाऊकही नसते. ते सातही गाणी एकामागून एक ऐकतात, आवडले तर पुन्हा ऐकतात, नावडले तर पुढे जातात. आमच्या जुन्या श्रोत्यांना पुनर्विचाराची बुद्धी झाली ती बहुधा या मुलांच्या निःशंक ऐकण्याकडे पाहूनच.

ज्या वाचकांना प्रथमच ऐकावयाचे असेल त्यांनी 'डरते हो'ने आरंभ करू नये. त्याचे वजन पुढच्या गाण्यांवर पडते. 'चाँद' आधी घ्यावे, मंडळींनीही तेच प्रथम दिले होते; मग 'बंध' आणि 'जोगिया', आणि 'डरते हो' शेवटी, रात्री, शेजारच्या क्वार्टरातील दूरदर्शन बंद झाल्यावर.