साक्षीदार क्रमांक एक

मंडळी, मी वकील नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे कायद्याचं पुस्तक हातात आलं तरी लक्ष आधी शब्दांकडे जातं. आज त्या सवयीनेच बोलणार आहे.

खटल्याचं नाव बघा. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुकतमुक’. ज्यांचा मुलगा गेला, जिच्या अंगावर हात पडला, त्यांचं नाव वर नसतं. ते आत कुठेतरी असतं, ‘सरकार पक्षाचा साक्षीदार क्रमांक एक’ म्हणून. साक्षीदार म्हणजे ज्याने पाहिलं तो. ज्याने सोसलं त्याची व्याख्या १९७३ च्या दंड प्रक्रिया संहितेत मुळात नव्हतीच. ती २००८ च्या दुरुस्तीने आली आणि ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली. पीडित म्हणजे हानी किंवा इजा सोसलेली व्यक्ती. पालक आणि वारसही त्यात आले.

इथे माझी पहिली हरकत आहे. वीज पडून घर जळालं तर हानी होते. कोणी पेटवून दिलं तरी हानी तेवढीच, पण शिवाय अन्याय होतो. हानी भरून देता येते. अन्यायाला कोणीतरी उत्तर द्यावं लागतं. आपली व्याख्या हानीपाशी थांबते आणि पुढची कलमंही त्याच वाटेने जातात. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला अपील करता येतं. शिक्षाच फार थोडी झाली, तर नाही. पैसे कमी पडले तर बोला, न्याय कमी पडला तर सरकारला वाटलं तर सरकार बोलेल!

दुसरी गोष्ट वकिलाची. त्याच दुरुस्तीने पीडिताला, न्यायालयाच्या परवानगीने, सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येऊ लागला. मदत म्हणजे किती? नोव्हेंबर २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या वकिलाने तोंडी युक्तिवाद करायचा नाही, साक्षीदार तपासायचा नाही. प्रश्न सुचवायचा तो सरकारी वकिलाला. त्यांनी नाही विचारला, तर न्यायाधीशांमार्फत. म्हणजे चिठ्ठी पाठवायची. कारण असं, की सरकारी वकिलाचं कर्तव्य सूड घेणं नाही, आणि आरोपीसमोर दोन-दोन फिर्यादी उभे राहिले तर तोल जातो. दुसरं कारण मला पूर्ण मान्य आहे. पहिल्यात गृहीत धरलंय, की पीडिताला सूडच हवा असतो.

माझे एक शेजारी होते. त्यांचा मुलगा ट्रकखाली गेला. अकरा वर्षं ते तारखांना जात राहिले. सरकारी वकील तीनदा बदलले आणि प्रत्येकाला यांनी एकच प्रश्न लिहून दिला : वाहन तपासणाऱ्या अधिकाऱ्याला एवढं विचारा, की ब्रेक आधीपासून नादुरुस्त होते का? तो विचारलाच गेला नाही. निकाल लागल्याचं त्यांना आठ दिवसांनी कळलं. ड्रायव्हरला किती शिक्षा व्हावी, हे त्यांनी माझ्याशी कधीही काढलं नाही. याला सूड म्हणायचं का?

१८ एप्रिल २०२२ ला, लखीमपूर खेरी प्रकरणात, त्याच न्यायालयाने वेगळा सूर लावला. उच्च न्यायालयातल्या ऑनलाइन सुनावणीत पीडितांच्या वकिलाचं कनेक्शन तुटलं होतं, आणि पुन्हा ऐका ही विनंती विचारात न घेता जामीन दिला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तपासापासून अपिलापर्यंत सहभागी होण्याचा पीडिताचा हक्क आहे, असं म्हटलं. मग उलटतपासणीच्या वेळीच तो चिठ्ठीपुरता का उरावा?

काही जण इथे निल्स क्रिस्ती या नॉर्वेच्या विद्वानाचा आधार घेतात. १९७७ च्या लेखात त्याने भांडण ही माणसांची मालमत्ता मानली. राज्याने आणि वकिलांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली, असं त्याचं म्हणणं. वाचताना आपण माना डोलावतो. पण मालमत्ता म्हटली की ती विकताही येते, धमकावून लिहूनही घेता येते. गावात ‘आपसात मिटवून घ्या’ म्हणून कोणाला सांगतात? दलित कुटुंबाला, नाहीतर एकट्या बाईला. खटला राज्याचा आहे म्हणून निदान कागदोपत्री तरी तो मिटत नाही. ‘महाराष्ट्र राज्य’ हे नाव मला वरच राहायला हवंय.

म्हणून मी भेद करतो तो प्रश्न आणि शिक्षा यांत. काय घडलं हे विचारण्याचा हक्क पीडिताला थेट असावा, न्यायाधीशांच्या नियंत्रणाखाली, आणि उत्तर तपासायची पूर्ण संधी आरोपीला देऊन. शिक्षा किती, यावर त्याचं मत निर्णायक नसावं.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. खटला मागे घेण्याआधी पीडिताला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, ही खरी सुधारणा. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवायची असंही आहे. नाही कळवली तर काय, ते त्या कलमात नाही. साक्षीदाराला प्रश्न विचारण्याबाबत मात्र चिठ्ठीच चालू आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे दोन-तीन वकील मंडळी दिसताहेत, त्यांनी आधी माझ्या चुका काढाव्यात.