नाम आणि नामी : क्षेत्रनाम-व्यवस्थेतील एक उणीव

नाशिक जिल्ह्यातील हरसूल आणि छत्रपती संभाजीनगरचे हर्सूल ही नावे कानाला जवळपास एकच. जिल्हा सांगितल्यावाचून गाव निश्चित होत नाही. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी रचलेल्या महाजालाच्या क्षेत्रनाम-व्यवस्थेत हीच उतरंड आहे. मात्र पत्ता सांगणारा कोण, याची शहानिशा तीत नव्हती. खोटे उत्तर आधी पोचवून ते साठ्यात रुजविता येते, हे डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखविले. २०१० मध्ये मूळक्षेत्राला अंकीय स्वाक्षरीची जोड मिळाली. तथापि स्वाक्षरी उत्तराची ग्वाही देते, वाचकाच्या नजरेची नव्हे. देवनागरी क्षेत्रनामांत ‘हरसूल’ आणि ‘हरसुल’ यंत्राच्या लेखी भिन्न नावे होत. ऱ्हस्वदीर्घाची ही फट बुजविणे हे भाषाभ्यासकांचेही काम आहे.