सोनाराचा यक्ष

आपली प्राचीन शिल्पकला म्हणजे अनामिकांची कला, हे वाक्य मी व्याख्यानांतून कितीदा तरी टाळ्या घेत उच्चारले असेल. पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरताना मात्र ते घशाशी अडखळू लागले.

कन्नडजवळ सातमाळ्याच्या एका आडबाजूच्या दरीत ही बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. खडक ठिसूळ, दर्शनी भाग बरेचसे ढासळलेले. तरी चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्ती ओळीने उभे आहेत. दारचे भालाईत द्वारपाल मला जरा ताठर वाटले. पण पायऱ्यांशेजारच्या पंचफणी नागाने मन जिंकले. त्याच्या फण्यांना छिद्रे आहेत. वरून पन्हळीने आलेले पाणी त्यांतून बाहेर पडावे, अशी योजना. भिक्षूंच्या विहारात केवढी ही हौस!

"मामा, तो हसणारा यक्ष कुठंय?" बरोबरच्या भाचीने विचारले.

"दिल्लीला, राष्ट्रीय संग्रहालयात."

"मग इथं काय बघायचं?"

पोरीचा प्रश्न रास्त होता. येथील दगडमातीचे ढिगारे उपसताना तो यक्ष सापडला. १९५९ साली म. न. देशपांडे यांनी या लेण्यांवर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावरचे पात्र दोन्ही हातांनी सावरणारा आणि तोंडभर हसणारा असा हा यक्ष. त्याच्या उजव्या हातामागे कोरले आहे, की हा कण्हदास सोनाराने घडवला. पाथरवटाने नव्हे, सोनाराने!

दिल्लीत मी त्याला पाहिले, तेव्हा केसांच्या बटांवरचे आणि दागिन्यांवरचे बारीक काम मला जास्त वाटले होते. दगडाने दगडासारखे असावे, असा शेराही मी मारला होता. तो आज मागे घेतो. हत्तींचा साज आणि नागाच्या फण्या पाहिल्यावर कळले, की त्या यक्षाचे नटणे एकट्याचे नव्हते. सारे अंगणच सणासारखे सजवलेले होते. संग्रहालयाच्या चौथऱ्यावर यक्ष दिसतो, पण हे अंगण दिसत नाही.

आणि नावे? येथे पैठणच्या गंध्याच्या घरातला मितदेव आहे, राजवैद्य मागिल आहे. त्यांनी दाने दिली. त्यांच्याइतक्याच हक्काने सोनारही आपले नाव सांगतो. अनामिक म्हटले, की विचारपूस करण्याचे कष्ट वाचतात. ते कष्ट मी इतकी वर्षे वाचवले.

"इथं त्याचं घर बघायचं," मी भाचीला म्हटले. ती हत्ती मोजायला पळाली.