वतन, खोती आणि संप : डॉ. आंबेडकरांच्या विरोधी बाकांवरील कार्याची मीमांसा

१९३७ च्या जुलै महिन्यात वर्ध्यास भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने प्रांतिक मंत्रिपदे स्वीकारण्यास अनुमती दिली आणि त्याच महिन्यात मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. या ठरावाचा विचार इतिहासकारांनी बहुधा सत्ताग्रहणाच्या बाजूने केला आहे. त्याची दुसरी बाजू मात्र काहीशी उपेक्षित राहिली. तोवर कायदेमंडळातील विरोध म्हणजे परकीय सरकारला विरोध, असे साधे समीकरण होते. वर्ध्याच्या ठरावानंतर लोकांनी निवडून दिलेल्या, तुरुंगवास भोगलेल्या, खादीधारी मंत्र्यांनाही विरोध करण्याचा प्रसंग आला. असा विरोध करणारा मनुष्य परकीयांचा हस्तक ठरण्याचा धोका उघड होता. हा धोका पत्करून मुंबईच्या विधानसभेत १९३७ ते १९३९ या काळात ज्यांनी विरोधी सभासदाचे काम केले, त्यांत स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. भीमराव आंबेडकर यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांच्या पक्षाची स्थापना ऑगस्ट १९३६ मधील. सभागृह १७५ सभासदांचे. आणि त्यात पक्षाचे संख्याबळ पंधराच्या आतबाहेर. मतदानात जिंकण्याची आशा नसलेल्या माणसाचे हे कार्य आहे, हे आरंभीच ध्यानात घेतलेले बरे.

या कार्याचे विवेचन करताना त्याची दोन कप्प्यांत वाटणी करण्याची पद्धत रूढ झाली आहे. महार वतनाचे विधेयक ‘सामाजिक’ कप्प्यात आणि औद्योगिक कलहाच्या विधेयकावरील भाषण ‘कामगार’ कप्प्यात. खोतीचे विधेयक कोठे ठेवावे याविषयी मात्र लेखकांची अडचण होते आणि ते ‘शेतकरी’ असा तिसरा कप्पा उघडतात. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात ही भाषणे एकत्र वाचावयास मिळतात. ती ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने वाचली असता ही वाटणी टिकत नाही. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : मनुष्याकडून त्याच्या इच्छेविरुद्ध श्रम करून घेण्याचा अधिकार कायद्याने कोणाला द्यावा काय?

वतनापासून प्रारंभ करणे सयुक्तिक ठरेल, कारण डॉ. आंबेडकरांनीही तेथूनच प्रारंभ केला. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली महार वतनदाराकडे सरकारी व गावकीची कामे असत. या कामांना तासांची मर्यादा नव्हती आणि वेतनाचा निश्चित आकडा नव्हता. मोबदला म्हणून इनाम जमिनीचा तुकडा, आणि रयतेच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. वतनदार घरी नसेल तर कामाचा बोजा कुटुंबातील दुसऱ्या कोणावर तरी पडे. मार्च १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्यांनी या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ज्याला सेवेतून मुक्त व्हावयाचे असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवता यावी आणि बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी, हा त्याचा गाभा होता. निवड समितीत विधेयकाचे स्वरूप इतके पालटले की जुलै १९२९ मध्ये त्यांनी ते परत घेतले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी, लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर, तेच काम त्यांनी पुन्हा हाती घेतले. खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयकही त्याच दिवशी मांडले गेले. या दोन विधेयकांचा एकाच दिवशी जन्म व्हावा, हा कामकाजपत्रिकेतील निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

वतनाच्या या मांडणीतील मर्म असे की, डॉ. आंबेडकर वतनदाराला दयेचा विषय करीत नाहीत. वतनामुळे महाराचे दारिद्र्य वाढले हे ते सांगतात, परंतु युक्तिवादाचा भार त्यावर टाकत नाहीत. भार आहे तो काम नाकारण्याच्या अधिकारावर. जो सेवा सोडू शकत नाही त्याच्या सेवेला करार म्हणता येत नाही, मग तिला मान्यता परंपरेची असो वा कायद्याची. कोकणातील खोताचे कूळही याच अर्थाने बांधलेले होते. रत्नागिरीत व कुलाबा-ठाणे भागांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा असलेला खोत साऱ्याच्या वर जे घेई त्यात वेठीचाही समावेश असे. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ पासून जमिनी कसण्याचे नाकारले आणि तो नकार सुमारे सहा वर्षे टिकला. त्या शेतकऱ्यांनी व त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी आपल्या लढ्यास ‘संप’ हेच नाव दिले होते. गिरणीतला शब्द शेताच्या बांधावर गेला, ही घटना भाषेच्या अभ्यासकांनीही नोंदवून ठेवण्याजोगी आहे. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले तेव्हा कोकणचे कूळ आणि शहरातील मजूर एकाच मोर्चात चालत होते. सभागृहात मात्र विधेयक पुढे सरकले नाही. खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये, आणि कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून १५ सप्टेंबर १९३८ च्या भाषणाकडे वळावे. औद्योगिक कलहाच्या विधेयकामागील तत्त्वज्ञान अहमदाबादचे होते. १९१८ च्या गिरणी लढ्यातून गांधीजींनी लवादाचा मार्ग घालून दिला. १९२० मध्ये मजूर महाजन स्थापन झाले. त्याचे चिटणीस गुलझारीलाल नंदा १९३७ मध्ये मुंबई सरकारात मजूर खात्याचे संसदीय चिटणीस झाले. गांधीजींचा मुक्काम या वेळी वर्ध्याजवळ शेगावला होता, आणि मालक व मजूर यांचे नाते विश्वस्ताचे असावे ही शिकवण तेथून देशभर जात होती. विधेयकाने तिला कायद्याचा आकार दिला : समेटाची कार्यवाही सक्तीची, ती पुरी होण्यापूर्वी केलेला संप बेकायदा, बेकायदा संपात भाग घेणारा शिक्षेस पात्र. टाळेबंदीलाही तेच नियम लावून विधेयकाच्या कर्त्यांनी समतोल साधल्याचा दावा केला.

डॉ. आंबेडकरांच्या उत्तराची रचना पाहण्यासारखी आहे. मजुरांच्या हालअपेष्टांचे वर्णन करून सभागृहाला हेलावून सोडणे त्यांना सहज शक्य होते, परंतु त्यांनी आरंभ केला तो व्याख्येपासून. संप म्हणजे काय? नोकरीच्या कराराचा भंग. कराराचा भंग हा दिवाणी अपराध आहे. त्याची भरपाई मागता येते, त्यासाठी माणसाला गुन्हेगार ठरविता येत नाही. मग एकट्याने काम सोडले तर जो गुन्हा नाही, तो दहांनी मिळून सोडले असता गुन्हा कसा होतो? आणि काम सोडणे हाच गुन्हा ठरला तर माणसाला काम करण्यास भाग पाडले असे होते. त्याला गुलामगिरी याशिवाय दुसरे नाव नाही. येथे श्रोत्यांना आणखी एक गोष्ट आठवली असेल. मजुराने करार मोडल्यास त्यास फौजदारी शिक्षा देणारा १८५९ चा कायदा याच देशात होता आणि तो परकीय सरकारने १९२५ मध्ये रद्द केला होता. परक्यांनी काढून घेतलेला चाबूक स्वकीयांनी पुन्हा हाती घ्यावा, हा विरोधाभास भाषणात मोठ्याने उच्चारण्याची गरजही नव्हती. स्वातंत्र्य हा जन्मसिद्ध हक्क मानणाऱ्या काँग्रेसजनांनी संपाचा हक्कही तसाच मानला पाहिजे, कारण संप हे स्वातंत्र्याचेच दुसरे नाव आहे, हा त्यांचा निष्कर्ष. मजुरांचे नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा हेच या विधेयकाचे खरे नाव होय, अशीही त्यांनी संभावना केली. संप व टाळेबंदी यांना एकच माप लावण्याच्या समतोलाविषयी त्यांनी दाखविले की विषमांना सारखे वागविल्याने न्याय होत नाही.

काही टीकाकारांना या युक्तिवादात इंग्रजी उदारमतवादाचा पाठ दिसतो. करार, व्यक्ती, दिवाणी अपराध हे शब्द त्या परंपरेतले आहेत, हे खरे. तथापि इंग्लंडच्या ग्रंथांतील करारवाद मालक व मजूर हे दोघेही मुळात स्वतंत्र आहेत असे गृहीत धरून चालतो. डॉ. आंबेडकरांनी पाहिलेला महार वतनदार जन्मतःच सेवेस बांधलेला होता. त्याच्या दृष्टीने करार हे एक मिळवावयाचे स्थान होते. म्हणून काम नाकारण्याचा अधिकार त्यांना इतका मूलभूत वाटला. पुस्तकातील संज्ञा त्यांनी वापरल्या, पण त्यांत भरलेला अनुभव गावकीचा होता.

याच दृष्टीने त्यांच्यावर घेतल्या जाणाऱ्या विसंगतीच्या आक्षेपाचाही विचार करता येतो. १९२९ च्या मुंबईतील गिरणी संपाला त्यांनी विरोध केला होता आणि १९३८ मध्ये ते संपाच्या हक्काचे कैवारी झाले. १९२८-२९ मधील त्यांची तक्रार अशी होती की विणकामाच्या, म्हणजे अधिक पगाराच्या, खात्यात अस्पृश्य मजुरास प्रवेश नाही. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण. ज्या संघटनेला आपल्याच सभासदांतील ही भिंत दिसत नाही तिच्या हाकेसरशी काम सोडावे काय? काम सोडण्याचे स्वातंत्र्य ज्या तत्त्वावर उभे आहे, त्याच तत्त्वावर संपात न जाण्याचे स्वातंत्र्यही उभे आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, ते या अनुभवाच्या आधारावर. असे असले तरी १९२९ च्या भूमिकेची व्यावहारिक किंमत संपकऱ्यांनाच मोजावी लागली, हे लपविण्यात अर्थ नाही.

यापेक्षा गंभीर आक्षेप दुसरा आहे, आणि त्याचे समाधान तितके सोपे नाही. जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्या वर्षाच्या जानेवारीपासून भारत संरक्षण नियमांतील ८१-अ हा नियम अंमलात होता. त्यान्वये सरकारला संपावर निर्बंध घालता येत असत. हा नियम त्यांनी आणला नाही, पण त्यांच्या कारकिर्दीत तो राहिला. १९३८ चे भाषण ज्या खणखणीत तत्त्वावर उभे आहे त्याला युद्धकाळाचा अपवाद त्यात कोठे नमूद नाही. याउलट १९४३ मध्ये त्यांनी मजूर संघटनांना मालकांनी सक्तीने मान्यता द्यावी असे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. मालकाने पसंत केलेल्या संघटनेस १९३८ च्या विधेयकात मिळणाऱ्या स्थानावर त्यांनी कठोर टीका केली होती. तिचा हा विधायक उत्तरार्ध म्हणता येईल. विरोधी बाकावरील शब्द अधिकारपदावर कितपत टिकले, याचा हिशेब करताना या दोन्ही नोंदी एकाच पानावर मांडावयास हव्यात.

मुंबईत ७ नोव्हेंबर १९३८ रोजी विधेयकाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पुढारी एकत्र आले, गोळीबारही झाला. या घटनेवर विपुल लेखन झाले असल्याने येथे तिचा विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. विधेयक मंजूर झाले. १९४६ मध्ये त्याची जागा मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली आणि एकाच प्रातिनिधिक संघटनेला बोलण्याचा अधिकार देणारी व्यवस्था दृढ झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात डॉ. दत्ता सामंतांच्या मागे लाखो कामगार असूनही कायद्याच्या लेखी वाटाघाटीचा अधिकार दुसऱ्याच संघटनेकडे राहिला.

वर्धा जिल्ह्यापुरते पाहता या कहाणीस वेगळे वळण आहे. येथे खोत नव्हता, मालगुजार होता. त्याचा हक्क १९५० च्या मध्य प्रदेशाच्या कायद्याने १९५१ मध्ये संपुष्टात आला. पुलगाव व हिंगणघाट येथील कापड गिरण्यांना मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४७ चा स्वतंत्र औद्योगिक कलह कायदा लागू होता. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर १९६५ मध्ये मुंबईचा कायदा विदर्भास लागू करण्यात आला. ज्या कायदेपरंपरेचा उगम वर्ध्याच्या ठरावाने सत्तेवर आलेल्या मंत्रिमंडळात होता, ती या जिल्ह्यातील गिरण्यांच्या दारी पोहोचावयास सत्तावीस वर्षे लागली.

हा प्रश्न आता पुन्हा संसदेच्या इतिवृत्तात आला आहे. २३ सप्टेंबर २०२० रोजी औद्योगिक संबंध संहिता राज्यसभेत संमत झाली तेव्हा विरोधी बाके रिकामी होती. निलंबनाच्या निषेधार्थ विरोधी पक्षांनी कामकाजावर बहिष्कार घातला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अंमलात आली असून तिच्यानुसार प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी सूचना देणे आवश्यक झाले आहे आणि समेटाची कार्यवाही चालू असता केलेला संप बेकायदा ठरतो. १९३८ मध्ये पंधरा सभासदांच्या नेत्याने ज्या कलमांची एकेक करून चिरफाड केली, जवळपास तीच कलमे २०२० मध्ये उत्तर न मिळता पुढे गेली. बहिष्काराला कारणे होती. पण इतिवृत्तात कारणे छापली जात नाहीत, भाषणे छापली जातात. वर्धा मतदारसंघाने १९९१ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांना लोकसभेत पाठविले, ते नव्या आर्थिक धोरणाचे पहिलेच वर्ष होते. १९३८ च्या भाषणाशेजारी त्या काळातील लोकसभेचे इतिवृत्त ठेवून कामगारांच्या प्रश्नांवरील विरोधी युक्तिवादाची तुलना करणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हाताशी असलेला विषय आहे.